पक्षकाराच्या घरचं पाणी

आमच्या सोसायटीतल्या सत्यनारायणाला प्रसादाचा द्रोण हातात घेऊन कोणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, तुम्ही कोर्टात होतात ना? मग मूल आईला द्यायचं की बापाला, ते तुम्हीच ठरवायचात?" नाही हो बाई. ठरवायचे न्यायाधीश. मी कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक होते. भांडणारं जोडपं कोर्टाची पायरी चढलं की आधी आमच्यासारख्यांच्या टेबलासमोर येऊन बसतं. दोघांशी वेगवेगळं बोलायचं, मग एकत्र बोलायचं, मुलाशी बोलायचं, गरज पडली तर दोघांची घरं बघून यायची आणि मग न्यायाधीशांना अहवाल द्यायचा. अहवाल माझा, निकाल त्यांचा. हे वाक्य मी सव्वीस वर्षं लोकांना ऐकवलं. ऐकायला बरं वाटतं. पण न्यायाधीश काही दिवा स्टेशनला उतरून चार मजले चढत नाहीत. ते माझ्या डोळ्यांनी बघतात, आणि माझे डोळे चुकले तर त्यांचेही चुकतात.

घर बघायला जायचं तर आधी कळवून जायचं, असा रिवाज. त्यामुळे मला सगळी घरं दिवाळीतलीच दिसली. नवी बेडशीट, पुसलेला पंखा, भिंतीवर बाराखडीचा तक्ता. कल्याणच्या एका गृहस्थांनी लेकीसाठी छानपैकी अभ्यासाचं टेबल मांडलेलं. मी अगदी कौतुकाने बघत होते, एवढ्यात शेजारची मुलगी दप्तर घेऊन दारात आली आणि म्हणाली, "काका, झालं का तुमचं? उद्या माझा पेपर आहे." त्या गृहस्थांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी टेबल अहवालात घातलं नाही आणि मुलगीही घातली नाही.

दुसरा रिवाज, पक्षकाराच्या घरी काही घ्यायचं नाही. एकाकडे चहा घेतला की दुसऱ्याचा वकील विचारणार, मॅडमनी भजीपण खाल्ली का? ठाण्याच्या खाडीजवळच्या एका कोळीवाड्यात एका आजीने माझ्यापुढे तळलेल्या मांदेलीची ताटली ठेवली. मी नको म्हटलं तर म्हणाली, "बाय, खाल्लंस त काय कागद बदलतंय तुजा?" तोंडाला पाणी सुटलेलं तसंच गिळून मी उठले. चहा नाही, सरबत नाही, साधं पाणीसुद्धा नाही. पर्समध्ये माझी बाटली असायची. नव्याने लागलेल्या मुलींना मी हे छाती पुढे काढून सांगायचे. तर या अभिमानाने मला एकदा कसं तोंडावर आपटलं, ते आज लिहायला बसले आहे.

नावं अर्थातच बदलली आहेत. सई, वय वर्षं चार. तिची आई दीपाली डोंबिवलीत एका चष्म्याच्या दुकानात काउंटरवर. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर ती सईला घेऊन दिव्याला आपल्या आईकडे राहायला गेली होती. सईचा बाप नितीन लिफ्ट दुरुस्त करणारा, माजिवड्याला आपल्या आईबरोबर राहणारा. त्याने अर्ज केला होता की मुलगी तिथे सुरक्षित नाही, माझ्या ताब्यात द्या.

आता खरं सांगते, 'मूल सुरक्षित नाही' हे मी इतक्यांदा वाचलेलं की त्या शब्दांचं मला काही वाटेनासं झालं होतं. नवरा-बायकोचं पटत नाही, मग मुलाच्या नावाने ठणाणा करायचा. नितीन तर फाईलच घेऊन आलेला. दिव्याच्या त्या इमारतीचे फोटो. उघडा मीटर बॉक्स, लोंबणाऱ्या वायरी, शेवटच्या मजल्याच्या जिन्याला कठडा नाही, गॅलरीच्या ग्रिलमधलं अंतर. सगळे खालून, नाहीतर जिन्यात चोरासारखं उभं राहून काढलेले. दर दोन दिवसांनी त्याचा फोन. "मॅडम, कठड्याचं बघितलंत का?"

एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो, जगात सगळं काय तुमच्या लिफ्टसारखं पक्कं असतं का?"

तो म्हणाला, "लिफ्ट पक्की असते असं तुम्हाला वाटतं, मॅडम. गेल्या वर्षी एका टॉवरमध्ये पोराची बोटं दारात अडकलेली. मी सोडवली. त्याची आई तिथेच उभी होती, पाठ फिरवून फोनवर बोलत. आई चांगली होती हो. फक्त पाठ फिरलेली."

मी मान हलवली आणि मनात म्हटलं, दुधाने तोंड पोळलंय, आता हा ताकही फुंकून पिणार. त्याच्या घरी गेले तेव्हा तर माझी खात्रीच झाली. सातवा मजला, पण खिडक्यांना त्याने स्वतः वेल्डिंग केलेलं ग्रिल, टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज, गॅसच्या बटणांवर झाकणं. मुलगी तर तेव्हा तिथे राहतही नव्हती. मला त्या घरात जीव गुदमरल्यासारखं झालं.

त्या मानाने दिव्याचं घर मला आवडलं. एक खोली, स्वयंपाकघर, गॅलरी. दीपालीने सगळं लख्ख केलेलं. कोपऱ्यात मोरी, तिला फुलाफुलांचा प्लॅस्टिकचा पडदा. आजी खाटेवर पाय लांब करून बसलेल्या, गुडघ्यांना पट्टे. सईने मला नाच करून दाखवला, मग माझी पर्स उघडून बघितली. मी ग्रिलमधलं अंतर हाताने मोजलं, जिन्याकडच्या दाराला कडी आहे की नाही ते बघितलं, गॅस बघितला. दीपाली म्हणाली, "मॅडम, पाणी तरी घ्या. ऊन किती आहे." मी हात जोडले आणि बाटली दाखवली. मोरीचा पडदा सरकवून बघणं मला बरं दिसलं नाही. बाईमाणसाच्या मोरीत कशाला डोकवायचं? अहवालात लिहिलं, "आजीची देखरेख आहे. घरात मुलीच्या सुरक्षिततेस धोका आढळला नाही." खाली सही केली.

निकाल लागेपर्यंत बापाने दर शनिवारी कोर्टातल्या मुलांच्या खोलीत सईला दोन तास भेटायचं, असं ठरलं होतं. ही खोली म्हणजे भिंतीवर ससे, खाली सतरंजी, आणि खेळण्यांचा एक मोठा प्लॅस्टिकचा टब, माझ्या कमरेएवढा. मी कोपऱ्यात बसून नोंदी घ्यायचे. त्या शनिवारी बापलेकीचा भातुकलीचा खेळ चाललेला. नितीन पाहुणा, सई घरवाली.

"बाबा, बसा हं. पाणी आणते," असं म्हणून सईने छोटी खुर्ची टबाला लावली, वर चढली, खेळातला मग दातांत धरला, पोट कडेवर टेकवलं आणि वाकली. डोकं आत गेलं. दोन्ही पाय खुर्चीवरून उचलले गेले. क्षणभर नुसते पाय हवेत. मग ती सराईतासारखी मागे आली, खाली उतरली आणि दातांतला मग काढून बापापुढे धरला. "घ्या."

नितीन हसत हसत ते खोटं पाणी प्यायला. माझ्या हातातलं पेन थांबलं. चार वर्षांच्या मुलाला असं वाकणं सुचत नाही, ते सवयीने येतं.

मी जवळ जाऊन विचारलं, "सई, पाणी कुठून आणलंस गं?"

"पिंपातून."

"घरी कोण काढतं पिंपातलं?"

"मी. आजीचे गुडघे दुखतात ना."

"आणि पाणी खाली गेलेलं असलं तर?"

एवढं साधं कसं कळत नाही, अशा नजरेने तिने माझ्याकडे बघितलं. "पाणी खाली गेलं की पाय वर जातात."

नितीनचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण रंग उडाला. फाईलभर फोटोंमध्ये पिंपाचा एकही फोटो नव्हता, कारण वेगळं झाल्यापासून त्या घरात त्याचं पाऊलच पडलं नव्हतं. माझं पडलं होतं.

दोन तास संपले. दीपाली बाहेर येऊन उभी. नितीनने सईला उचलून घेतलेलं, सोडेचना. मला म्हणाला, "मॅडम, मी नाही देत हिला. तुम्ही ऐकलंत ना आता?"

"ऐकलं. पण आज शनिवार आहे. सोमवारशिवाय साहेबांसमोर काही जाणार नाही. आदेश आहे तसा तो पाळावा लागेल. तुम्ही आज हट्ट केलात तर सोमवारी तुमच्याच अंगाशी येईल."

"आणि उद्या रविवार आहे त्याचं काय?"

मी म्हटलं, "मी जाते तिच्या घरी. आत्ता. तुम्ही यायचं नाही." तेव्हा कुठे त्याने हात सैल केले. सईला सोडताना त्याने तिच्या फ्रॉकची मागची गाठ पुन्हा बांधली, अगदी सावकाश.

दीपाली लेकीला घेऊन पुढे गेली. मी तिला काही बोलले नाही. एका पक्षकाराबरोबर प्रवास करणंही आमच्यात बसत नाही, म्हणून मी वेगळी रिक्षा केली. न कळवता पक्षकाराच्या दारात जाणारी मी त्या दिवशी नोकरीत पहिल्यांदाच. वाटेत रिक्षा अडकली. कळव्याच्या पुढे पाऊण तास एका ट्रेलरच्या मागे. मी दोनदा रिक्षावाल्याला म्हटलं, दुसरीकडून घ्या ना. तो म्हणाला, "मॅडम, दुसरीकडून खाडी आहे." पर्समधली बाटली केव्हाच रिकामी झालेली आणि डोळ्यांसमोर सारखे ते हवेतले पाय. त्या पोरीला आत्ता तहान लागली तर? उन्हातून गेलीय, लागणारच. दीपालीला फोन करून सांगावं तर ती घर पुन्हा लख्ख करून ठेवील, आणि न सांगावं तर मधल्या वेळात काही झालं तर? शेवटी न राहवून फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. नाहीच उचलला.

चार मजले मी कठडा आहे की नाही ते न बघता चढले. दार लोटलेलं होतं. खाटेवर आजी, खाली सई चित्रं रंगवत बसलेली. तिला बघून मी दाराची चौकट धरून उभी राहिले.

"अगोबाई, मॅडम तुम्ही? टँकर आलाय, दीपाली खाली गेली कॅन घेऊन. फोन हा काय इथेच पडलाय. बसा ना."

मी बसले. दम घेतला. आणि मग मला काय वाटलं कोण जाणे, मी म्हटलं, "आजी, पाणी मिळेल का थोडं?"

आजींनी मान वळवली आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, "सई, बाईंना पाणी दे गं."

पोर खडू टाकून उठली. फुलाफुलांचा पडदा सरकला. आत निळं पिंप, कोर्टातल्या टबापेक्षा उंच, त्याला लागून एक पाट आणि पाटावर पालथी बादली. पिंपाची कड एका जागी घासून पांढुरकी पडलेली, बादलीवर चढून त्या पोरीचं पोट टेकेल बरोबर तिथे. तिने झाकण ढकललं, पेला दातांत धरला, बादलीवर चढली आणि वाकली. पाय उचलले गेले तशी मी मागून तिचा फ्रॉक धरला, मग कंबर, आणि ओढून छातीशी घेतली. पेला आत पडला. तो तळाला लागल्याचा आवाज आला त्याला बराच वेळ लागला, की मलाच तसं वाटलं, सांगता येत नाही.

"मी काढत होते ना," सई रागावून म्हणाली.

दारात दीपाली उभी होती. दोन्ही हातांत भरलेले कॅन. तिने सगळं बघितलं होतं. कॅन खाली ठेवायचंही तिला सुचेना.

नंतर सईला आजीजवळ बसवून आम्ही दोघी गॅलरीत उभ्या राहिलो. "मला माहीत नव्हतं, मॅडम," ती म्हणाली. "खरंच नव्हतं. मी असते तेव्हा मीच काढते. मघाशी जिन्यात आईने सईला हाक मारलेली ऐकली आणि... रोजच असेल हे."

"रोजचंच आहे. कड बघ त्या पिंपाची."

ती रडली नाही. खालच्या टँकरभोवतीची भांडणं बघता बघता तिने मान फिरवून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "हे लिहू नका. उद्या मी बूच असलेलं पिंप आणते, खालून तोटीवालं. शपथ घेते. पण हे लिहिलंत तर पोर गेली माझी."

"दीपाली, माझा आधीचा अहवाल चुकीचा आहे."

"मग राहू द्या ना चुकीचा. त्याच्याकडे तुम्ही पाणी प्यायलात का? तिकडे सातवा मजला आहे. त्याची आई दुपारी गोळी घेऊन झोपते. घरोघरी मातीच्या चुली, मॅडम. मी दिवसभर दुकानात उभी, आई बसलेली, आणि ही एवढीशी पोर म्हाताऱ्या माणसाला पाणी देते. ते तुम्ही माझ्या विरोधात लिहिणार."

तिचं सगळं खरं होतं. मी एवढंच म्हटलं, "आधी पिंप रिकामं करू." मी पदर खोचला आणि आम्ही दोघींनी ते पिंप उपसलं. बादल्या, कळशा, कुकर, डबे, जे दिसेल त्यात पाणी भरून ओट्यावर ओळीने लावलं. मग पिंप आडवं करून गॅलरीत टाकलं. तळातून तो पेला घरंगळत बाहेर आला. सई टाळ्या पिटत होती, तिला मजा वाटत होती. माझी कंबर पुढे आठवडाभर दुखत होती. घरी पोचले तर नितीनचा फोन. मी म्हटलं, "पिंप रिकामं आहे." तो म्हणाला, "आज आहे. उद्या टँकर आला की भरतील." तेही खरंच होतं.

रविवारभर मी कोरा कागद समोर घेऊन बसले. लिहावं तर पोर आईपासून तुटणार. न लिहावं आणि त्या तोटीवाल्या पिंपाला महिना लागला तर? माझे यजमान म्हणाले, "आपणच आपलं चुकलं म्हणून लिहायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण." त्याची मला फारशी फिकीर नव्हती. दीपालीने गॅलरीत मान फिरवून बघितलं होतं ते मात्र डोळ्यांपुढून जाईना. शेवटी लिहिलं. "माझे आधीचे निरीक्षण अपुरे होते," इथून सुरुवात केली आणि जे बघितलं ते ओळीने लिहिलं. आईला हे ठाऊक नव्हतं, कळताच तिने पिंप रिकामं केलं, हेही लिहिलं. माजिवड्याच्या घरी आजी दुपारी झोपतात, तिथे दिवसा दुसरं माणूस हवं, हेही लिहिलं. मला वाटलं, दोन्ही बाजू सारख्या केल्या म्हणजे न्याय झाला. तसं काही नसतं. चार वर्षांची मुलगी आणि तिच्याहून उंच पिंप एवढंच वाचणाऱ्याच्या लक्षात राहणार, आणि तेच राहिलं.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. साहेबांनी सईला तात्पुरतं बापाकडे दिलं. आईने शनिवार-रविवार न्यायचं. नितीनने दिवसासाठी त्याच्या मावशीला घरी आणलं. दीपालीने दिव्याची खोली सोडून ठाकुर्लीला दोन वेळा पाणी येणाऱ्या इमारतीत जागा घेतली, त्यात वर्ष गेलं. मग मुलगी तिच्याकडे परत आली आणि नितीनने त्याला हरकत घेतली नाही. दोघं पुन्हा एकत्र काही आली नाहीत. लोकांना हे ऐकून हायसं वाटतं. मलाही वाटतं. पण चार वर्षांच्या मुलीच्या आयुष्यातलं एक वर्ष म्हणजे किती, ते मी कोणाला समजावत बसत नाही. मी त्या दिवशी पहिल्या भेटीतच पेलाभर पाणी घेतलं असतं, तर मोरीचा पडदा सरकून पिंपाची ती घासलेली कड माझ्या नजरेस पडली असती, दीपालीने तेव्हाच पिंप बदललं असतं, आणि कोणाच्याच हातून पोर सुटली नसती. निवृत्त होईपर्यंत मी नंतर प्रत्येक घरी पाणी मागून घेतलं. वरिष्ठांनी विचारलं तेव्हा लेखी कारण दिलं.

सईला बापाकडे सोपवायचा दिवस होता मंगळवार. मुलांच्या त्याच खोलीत. दीपाली वेळेच्या आधीच आली होती, सईचे कपडे दोन पिशव्यांत घड्या घालून. नितीन दाराशी उभा, जिंकलेल्या माणसासारखा अजिबात दिसत नव्हता. दोघं एकमेकांशी कित्येक महिन्यांत थेट बोलली नव्हती, जे काय ते वकिलांमार्फत नाहीतर माझ्यामार्फत. मी मध्ये बसायला खुर्ची ओढली, पण दीपालीने मला हातानेच थांबवलं आणि सरळ त्याच्याकडे बघून बोलायला लागली.

"हे रात्रीचे कपडे. ही चादर तिला लागते, धुतलीस तरी सकाळी धू, रात्रीपर्यंत वाळली पाहिजे. भेंडी खाते, बटाटा खात नाही. केस विंचरताना गोष्ट सांगावी लागते."

"बरं," नितीन म्हणाला.

"ताप आला तर आधी मला फोन."

"हो."

सई मधे सतरंजीवर बसून बुटाची पट्टी उघडझाप करत होती. दीपालीने पिशव्या त्याच्या हातात दिल्या, पण बंद सोडले नाहीत. एक बंद तिच्या बोटांत, एक त्याच्या.

"अजून एक. तिला तहान लागली तर ती सांगत नाही. उठते आणि स्वतः घ्यायला जाते. तुझं लक्ष नसेल तेव्हासुद्धा जाईल."

"मी तासातासाला देईन."

"नुसतं देऊन नाही होणार," दीपाली म्हणाली. "तिला मागायला शिकव. मी नाही शिकवलं."